कोण आधी, कोण मागून

निळ्या पुठ्ठ्याची एक वही अजून माझ्या कपाटात आहे. लेक चार दिवसांची झाली त्या संध्याकाळी ती सुरू झाली. रकाने साधे होते: तारीख, वेळ, किती मिनिटं प्यायली, लघवी, शी. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद आखला होता, कारण तिथं शब्द लागायचे. ‘हिरवट काळी, डांबरासारखी चिकट.’ ‘हिरवी, पातळ.’ ‘पिवळी, दाणेदार, कडेनं पाणी.’ एका पानावर पेन्सिलीनं नुसतंच लिहिलंय, ‘वास वेगळा.’ रात्री तीनचं अक्षर आहे ते, ओळ सोडून खाली उतरलेलं.

तान्ह्या बाळाची आई शीकडे जितक्या बारकाईनं बघते तितक्या बारकाईनं ती आयुष्यात दुसरं काही बघत नसेल. मला आतड्यातल्या जिवाणूंची ओळख झाली ती अशी, लंगोट उलगडता उलगडता. आधी भीतीपोटी, मग कुतूहलानं.

आमचं बाळंतपण ठरल्यासारखं झालं नाही. सदतिसावा आठवडा लागला होता, बाळाचे ठोके उतरू लागले आणि घाईनं सिझेरियन करावं लागलं. श्वास भरभर चालला होता म्हणून तिला तीन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. संसर्गाची शंका होती, त्यामुळे पहिल्या काही तासांतच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. मला दूध उतरायला वेळ लागला, तोवर वरचं दूध. सिझेरियन, अँटिबायोटिक, वरचं दूध या तिन्ही गोष्टींनी तिला तारलं असं मी तेव्हा मानलं आणि आजही मानते. पण पुढं रात्री-अपरात्री तिला पाजताना मोबाइलवर वाचू लागले, तेव्हा जो लेख उघडावा त्यात नेमक्या याच तीन गोष्टी ओळीनं मांडलेल्या असायच्या. बाळाच्या आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल बिघडण्याची कारणं म्हणून. वाचताना पोटात खड्डा पडायचा. छातीशी धरलेल्या त्या इवल्या जिवाचं आपण जन्मतःच काहीतरी नासवून ठेवलंय असं वाटायचं, आणि हे कुणाजवळ बोलताही यायचं नाही.

समतोल हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. समतोल म्हटलं की डोळ्यांपुढं तराजू येतो, दोन पारडी, मधे काटा. मोठ्या माणसाच्या आतड्याबद्दल बोलताना तो चालत असेलही. पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वस्तीच नव्यानं बसत असते. आज ज्यांची तिथं बहुसंख्या आहे ते दोन वर्षांनी मूठभर उरणार असतात, आणि तसंच व्हायला हवं असतं. २०१२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतला मलावी देश, व्हेनेझुएलातल्या ॲमेझॉन भागातली गावं आणि अमेरिका अशा तीन ठिकाणच्या तान्ह्यांपासून मोठ्यांपर्यंत ५३१ जणांची विष्ठा त्यात तपासली होती. राहणीमानात जमीन-अस्मानाचा फरक, तरी एक गोष्ट तिन्हीकडे सारखी निघाली: पहिल्या तीन वर्षांत ही वस्ती बदलत बदलत मोठ्यांच्या वस्तीसारखी होत जाते. हे वाचलं आणि माझ्या डोक्यातला तराजू बाजूला झाला. बाळाच्या बाबतीत विचारायचं ते वेगळंच. कोण आधी आलं, कोण मागून आलं, आणि ज्यांनी वेळेवर जागा सोडायची त्यांनी ती सोडली का?

हा क्रम मोठा सुंदर आहे. जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात थोडाफार प्राणवायू असतो. आपल्याला पुढं हवे असलेले बहुतेक जिवाणू असे की त्यांना प्राणवायू सोसत नाही. त्यामुळे आधी येतात ते प्राणवायू असला तरी आणि नसला तरी जगू शकणारे, म्हणजे ई. कोलाय आणि त्याचे भाऊबंद. ते वाढतात, तिथला प्राणवायू वापरून संपवतात आणि मागून येणाऱ्यांना राहण्याजोगी जागा करून देतात. ई. कोलायचं नाव आपण ऐकतो ते दूषित पाण्याच्या नाहीतर लघवीच्या संसर्गाच्या बातमीत, पण त्याची पहिली भेट झाली ती तान्ह्या बाळाच्या लंगोटातच. म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश नावाचा तरुण बालरोगतज्ज्ञ नवजात बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. त्या काळी जुलाबांनी तान्ही मुलं पटापट दगावत. आजारी पोटात काय असतं हे समजायचं तर निरोगी पोटात काय असतं ते आधी कळायला हवं, हा त्याचा साधा आणि पक्का विचार. १८८५ साली त्यानं या जिवाणूचं वर्णन केलं. त्याचं नाव जिवाणूला मिळालं ते पुष्कळ पुढं, तो गेल्यावर. बाळाच्या पहिल्या काळ्या शीत काही दिसत नाही आणि मग बघता बघता ती जिवाणूंनी भरते, हे त्यानं टिपून ठेवलं होतं. माझ्या वहीतल्या पहिल्या पानाला असा पूर्वज आहे हे कळलं तेव्हा मला एकदम सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी, १९०० च्या सुमाराला, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक वेगळाच जिवाणू सापडला. टोकाला दुभंगलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा. दुभंगलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला बायफिडस म्हणू लागले. आज आपण ज्याला बायफिडोबॅक्टेरियम म्हणतो तो हाच. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांत तो भरपूर, जुलाब झालेल्यांत तो कमी. टिसिए यांनी तेव्हाच सुचवलं होतं की जुलाब होणाऱ्या मुलांना हा जिवाणू देऊन बघावा.

पण हा जिवाणू आईच्या दुधावरच्या बाळात इतका का वाढतो, याचं उत्तर मिळायला आणखी पन्नास वर्षं गेली. आणि हे उत्तर मला या साऱ्या विषयातलं सर्वांत हृद्य वाटतं. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्याखालोखाल जो घन पदार्थ असतो तो म्हणजे एका विशिष्ट घडणीच्या साखरा. एक-दोन नव्हे, दोनशेच्या आसपास प्रकार. लिटरभर दुधात साधारण ५ ते १५ ग्रॅम, आणि पहिल्या चिकात त्याहूनही जास्त. गंमत अशी की बाळाला त्या पचतच नाहीत. बाळंतिणीचं शरीर स्वतःची झीज सोसून साखर बनवतं आणि बाळ ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यापर्यंत पोचवतं. तिथं तिची वाट बघत बसलेले असतात हे दुभंगलेल्या टोकाचे जिवाणू. १९५० च्या दशकात पॉल ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यातल्या एका जिवाणूची वाढ आईच्या दुधातल्या याच साखरांवर होते. म्हणजे दूध पाजताना आई एकाच वेळी दोघांना जेवू घालते, बाळाला आणि बाळाच्या पोटातल्या राखणदारांना.

त्यांच्या जेवण्याच्या तऱ्हाही निराळ्या. बायफिडोबॅक्टेरियमची इन्फँटिस नावाची उपजात साखरेचा रेणू अख्खा आत ओढून घेते आणि स्वतःच्या पेशीत बसून खाते. दुसरी एक जात तो बाहेरच तोडते, आणि सांडलेल्या तुकड्यांवर शेजारपाजारचे जगतात. खाऊन झालं की हे जिवाणू आम्ल सोडतात. त्या आंबटपणात रोगकारक जंतूंना जम बसवता येत नाही. आतड्याच्या अस्तराला त्यातून पोषण मिळतं, आणि कुणावर चालून जायचं, कुणाला आपलं म्हणायचं याचं शिक्षण प्रतिकारशक्तीला त्याच दिवसांत मिळत असतं. तिसऱ्या आठवड्यात मला दूध नीट उतरलं, वरचं दूध सुटलं, आणि त्यानंतर पाचसहा दिवसांनी माझ्या वहीत पहिल्यांदा नोंद आली: ‘वास आंबूस. वाईट नाही.’ तेव्हा त्या दोन शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आत नेमकं कोण येऊन बसलं होतं हे कळायला आजही मार्ग नाही. पण तो वास मला अजून आठवतो.

याच आंबटपणाची एक अस्वस्थ करणारी नोंद आहे. १९२६ ते २०१७ या काळात वेगवेगळ्या संशोधकांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीची आम्लता मोजली होती. ते आकडे एकत्र मांडल्यावर दिसलं की सामू, म्हणजे पीएच, साधारण ५ वरून ६.५ वर सरकलाय. सामू वाढला म्हणजे आंबटपणा घटला. दूध तेच, ते खाणारे मात्र बऱ्याच बाळांच्या पोटातून नाहीसे होत चाललेत. हे एका आईच्या हातून झालेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या आजीकडून आईकडं, आईकडून बाळाकडं आलेला हा ठेवा मधेच कुठंतरी तुटतो, आणि तुटला की पुढच्या बाळापर्यंत पोचत नाही.

आता सिझेरियनबद्दल, कारण त्या एका शब्दानं मी पुष्कळ रात्री जागवल्या आहेत. योनीमार्गानं जन्मलेल्या बाळाला पहिले जिवाणू आईच्या त्या वाटेतून आणि आतड्यातून मिळतात. सिझेरियनच्या बाळाला ते त्वचेवरून, हातांवरून, खोलीतून मिळतात. २०१९ साली ब्रिटनमध्ये पूर्ण दिवसांच्या ५९६ बाळांचा अभ्यास झाला. सिझेरियनच्या बाळांत बॅक्टेरॉइडीस या महत्त्वाच्या गटाचे जिवाणू फारच कमी होते आणि इस्पितळात आढळणाऱ्या, संधी मिळाली तर त्रास देऊ शकणाऱ्या जंतूंचं प्रमाण जास्त होतं. इथवर सगळे लेख सांगतात. याच अभ्यासातलं पुढचं मात्र फार कमी ठिकाणी वाचायला मिळतं: पहिल्या वर्षाच्या आत हा फरक बराचसा ओसरला. बॅक्टेरॉइडीस मात्र पुष्कळ बाळांत कमीच राहिले. मला ही दोन्ही वाक्यं एकत्र हवी होती. नुसतं पहिलं वाचून मी रडले होते. नुसतं दुसरं कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

काही ठिकाणी सिझेरियननंतर आईच्या योनीतला स्राव बाळाच्या अंगाला, तोंडाला लावायची कल्पना पुढं आली. ऐकायला किती सोपी! पण त्या स्रावातून बाळाला गंभीर संसर्गही होऊ शकतो, म्हणून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली स्पष्ट सांगितलं की संशोधनाच्या चौकटीबाहेर हे करू नये. घरी तर नाहीच नाही.

आमच्या बाबतीत जे झालं ते यापेक्षा साधं होतं. चौथ्या दिवशी लेक पेटीतून बाहेर आली तेव्हा एक पोक्त सिस्टर ड्यूटीवर होत्या. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून घेतलं होतं, हात थरथरत होते. त्यांनी हळूच दुपटं सोडवलं. “अहो ताई, आज हिला तुमच्या उघड्या छातीवर ठेवा. अंगाला अंग लागू दे. दूध येईल आपोआप, बाकीचं पुढं बघू.” त्यांनी वरून चादर घातली आणि पडदा ओढून घेतला. जिवाणूंचं नावही त्यांच्या तोंडी नव्हतं. पण आईच्या कातडीवरचं, श्वासातलं, स्तनावरचं जे काही बाळाला मिळायचं होतं ते त्या पाऊण तासात मिळू लागलं. त्याच संध्याकाळी मी ती वही मागवली.

दुसरा प्रसंग चौदाव्या महिन्यातला. कान दुखून ताप आला, कानाचा पडदा लाल होता, अँटिबायोटिक दिलं. ते गरजेचं होतं. तीन आठवड्यांनी सर्दी झाली. नाक वाहत होतं, ताप जेमतेम, खेळत होती. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसरीकडं नेलं, तर तिथं दोन मिनिटांत पुन्हा अँटिबायोटिक हातात पडलं, आधीच्यापेक्षा तेज. सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिकचा विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं नाही. त्या खोलीत विचारायचा धीर झाला नाही, आणि घरी येऊन पहिला डोस माझ्याच हातानं पाजला. याचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या दिवसापासून जुलाब. वही पुन्हा बाहेर आली. ‘सकाळपासून सहा वेळा. पाणीच. ढुंगण लाल.’ ‘जेवण नको. फक्त अंगावर पितेय.’ शी पुसायला कापूस लावला तरी ती कळवळायची, शेवटी कोमट पाण्याच्या बारीक धारेनं धुऊ लागले. अँटिबायोटिक रक्तातून सगळ्या शरीरात जातं आणि वाटेत आपला-परका बघत नाही. वस्ती पातळ झाली की पचनाची कामं अडतात, न पचलेलं अन्न पाणी ओढून घेतं, आणि एरवी ज्यांना कोपऱ्यात दाबून ठेवलेलं असतं त्यांना मोकळं रान मिळतं. आमचे डॉक्टर परतल्यावर त्यांनी तिला तपासलं आणि ते औषध बंद केलं. दर जुलाबामागं थोडं थोडं ओआरएस, १४ दिवस झिंक, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, खाईल ते खाऊ द्यायचं. त्यांच्या सांगण्यात नवीन काहीच नव्हतं, पण ते शांतपणे सांगत होते आणि मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होते. आठवड्याभरात शी घट्ट झाली.

औषध चालू असताना निम्म्यावर आपल्या मनानं बंद करा असं मी कुणाला कधीच सांगणार नाही. विचारा, एवढंच सांगीन. हा जिवाणूंचा संसर्ग आहे का? दोन दिवस वाट बघितली तर चालेल का? हे दोन प्रश्न आता मला पाठ आहेत.

जुलाबाच्या त्या दिवसांत शेजारपाजारच्यांनी प्रोबायोटिकच्या पुड्या सुचवल्या. प्रोबायोटिक हा शब्दच फसवा आहे. सगळ्या पुड्यांवर तोच शब्द असतो आणि आत वेगवेगळे जिवाणू असतात, वेगवेगळ्या संख्येनं. एकाचा गुण दुसऱ्याला लागू पडत नाही. २०१७ साली ओडिशातल्या खेड्यांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. ४,५५६ नवजात बाळं, सगळी अंगावर पिणारी, दोन किलोच्या वरची. निम्म्यांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक ठरावीक वाण आणि त्याला पोसणारी साखर दिली. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. एवढ्या साध्या उपायानं एवढी मुलं वाचू शकतात हे वाचून माझे डोळे भरून आले होते. आणि २०२३ साली अमेरिकेतल्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं, बजावलं की मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक दिल्यावर तेच जिवाणू रक्तात शिरून जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. एका बाळाचा तसा मृत्यू झाला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणता वाण, कोणतं बाळ, कितवा दिवस, हे ठरल्याशिवाय पुडी हे औषधही नाही आणि खाऊही नाही. ते बाळाला बघितलेल्या डॉक्टरांनीच ठरवावं.

क्रमाचं महत्त्व सगळ्यांत ठळक दिसतं ते भुकेल्या मुलांत. ढाक्यातल्या कुपोषित मुलांवर जेफ्री गॉर्डन, तहमीद अहमद आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. २०१४ साली त्यांनी दाखवलं की निरोगी मुलांत कोणत्या महिन्यात कोणते जिवाणू यायला हवेत याचा एक आराखडाच काढता येतो. त्यावर ताडून बघितलं तर तीव्र कुपोषित मुलांच्या आतड्यातली वस्ती त्यांच्या वयापेक्षा लहान निघाली. मूल दीड वर्षांचं, आतडं मात्र त्याहून कितीतरी लहान बाळाचं. पोषक आहार दिल्यावर वजन थोडं वाढायचं, वस्तीही थोडी पुढं सरकायची आणि मग पुन्हा मागं पडायची. मागून येणारे येतच नव्हते. मग या गटानं उलटा विचार केला: जे यायला हवेत त्यांना काय आवडतं? चणे, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांचं एक मिश्रण बनवलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते मध्यम कुपोषित मुलांना तीन महिने दिलं, तर नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही या मुलांची वाढ जास्त वेगानं झाली. पोट भरणं आणि पोटातल्यांना पोसणं, दोन्ही लागतं.

माझ्या लेकीचं नशीब त्या मुलांहून कितीतरी बरं. तिला वेळेवर वरचं अन्न मिळालं, ते नाना तऱ्हेचं होतं, आणि तिला पडूझडू, मातीत लोळू द्यायला आम्ही घाबरलो नाही. दीड वर्षांपुढं नोंदी विरळ होत गेल्या. दमा, ॲलर्जी यांचा या पहिल्या महिन्यांशी काही संबंध असावा असं सुचवणारे अभ्यास मी वाचते, अजूनही काळजीनं वाचते. पण संबंध दिसणं आणि कारण सापडणं यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात मी आता स्वतःला दोषी धरून बसत नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला मुलगा झाला. तिचंही सिझेरियन. परवा पहाटे दोनला तिचा फोन.

“ताई, शी हिरवी झालीय. फेसही आहे. सिझेरियनमुळे असेल का गं?”

“रक्त दिसतंय का?”

“नाही.”

“पांढरी, राखाडी अशी कधी होते का? तशी झाली तर लगेच दाखवायचं.”

“नाही, हिरवीच.”

“ताप? उलट्या?”

“नाही.”

“पितोय का नीट? लघवी?”

“पितोय. सकाळपासून आठदा ओला केलाय.”

ती गप्प झाली. मला तिचं मुसमुसणं ऐकू येत होतं. मी उठले, आवाज न करता कपाट उघडलं आणि वही काढून पानं उलटली.

“ऐक,” मी म्हटलं. “एकतिसावा दिवस, पहाटे सव्वाचार. हिरवी, पातळ, फेस. पिऊन झोपली.”